पाणी लावू नको

पिंगळी, २४ ऑगस्ट २०२५

योगीराजा,

पत्र बघून घाबरू नको. समदे खुशाल हायत. तुझे अण्णा आत्ता ओट्यावर बसून शेंगा फोडायलेत आणि निम्म्या तोंडात टाकायलेत. बातमी चांगली हाय म्हून लिहायला बसले. आपला पिक्चर घावला!

कंप्युटरमधल्या माणसांचा. पूर्णेला बघितलेला. अर्धा.

झालं असं. तुझ्या बहिणीची, आपल्या कोकिळाची, राजनंदिनी आता कॉलेजासाठी आमच्याकडंच राहती, परभणीला जाऊन येऊन करती. पोळ्याच्या दिवशी मी पुरण वाटत होते आणि ही आपली मांडीवर ती कंप्युटरची घडीची पेटी घेऊन बसलेली. मी सहज म्हणाले, "नंदे, तुझ्या पेटीत माणसं राहत्यात का गं?" पोरगी हसून हसून आडवी. म्हणली, "आजी, तुला कुणी सांगितलं?" मग मी सांगितलं तिला. तू धा वर्षांचा होतास, आयतवारची दुपार होती, अण्णा तवा रेल्वेत गँगमन, म्हून पूर्णेच्या रेल्वेच्या हॉलात आपल्याला पिक्चर फुकट. इंग्रजी पिक्चर. रामप्रसाद गार्ड पुढं उभा राहून मराठीतून सांगायचा, "आता हा साहेब मशिनीच्या आत पडला बरं का मंडळी," आणि कुणाला कळत न्हाई असं दिसलं की त्याच्यावरच डाफरायचा. शिट्टी बी गळ्यातच होती त्याच्या.

नंदीनं मला पोलिसासारखं खोदून विचारलं. रंगीत होता का, माणसं कशी होती. मी म्हणाले, "त्या गावात कुणाला सावली न्हवती, एवढं ध्यानात हाय. आणि वेशीवर एक बाई होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला नाव विचारायची." तेवढ्यावर तिनं दोन दिवसांत हुडकून काढला बघ. आता तो हिंदीत बोलतो. रामप्रसाद गार्डाची गरज संपली.

तुला आठवतं का, कुठं लाईट गेली होती? तो साहेब आतून बाहेर आलेला असतो. ती वेशीवरची बाई आतून त्याला विचारती, "तुमच्याकडं आभाळाचा रंग..." आणि ह्यो मशीन बंद करतो. समदं गाव जिथल्या तिथं उभं. कुणाचा पाय उचललेला, कुणाचं तोंड उघडं. आणि नेमकी तवाच पूर्णेची लाईट गेली. हॉलात अंधार. माणसं बाहेर निघाली, तू हलंना. म्हणलास, "माय, ते आता तसेच उभे राहणार?" पिंगळीपातूर रडलास. मी तुला गाडीत खोटाच शेवट सांगितला, मशीन लागली, गाव उठलं, समद्यांनी जेवण केलं. तू म्हणलास, ते जेवत न्हाईत. लबाडी पकडायला तू लहानपणापासून हुशार. एक सोडून.

आता खरा शेवट बघितला मी. सांगते, पण हितली जागा संपत आली. अण्णांनी बी बघितला, दारात उभं राहून, "मला काय करायचंय असल्या पिक्चरला" असं म्हणत म्हणत, शेवटपातूर.

जेवत जा वक्ताला.

तुझी माय

---

पिंगळी, ४ सप्टेंबर २०२५

योगीराजा,

कोकिळाच्या घरी तुझा फोन आला तवा तू किती हसलास! रामप्रसाद गार्डाची नक्कल केलीस ती ऐकून कोकिळाच्या सासूनं दाताची कवळी काढून ठिवली. मग मी "अण्णांनी बी..." म्हणाले आणि तू म्हणलास, "माय, ठेवतो, काम हाय." वीस वर्षं तुझं काम नेमकं त्याच शब्दाला निघतं.

घरच्या फोनवर बोलावं तर फोन अण्णांच्या खिशात, आणि ते आवाज मोठा करून अंगणभर ऐकवत्यात. मग राहिला कागद. टपालवाला म्हणला, "आजी, आजकाल पत्र कोण लिहितं?" मी म्हणाले, "तुझी नोकरी राहावी म्हून मी लिहायलेय बाबा."

शेवट सांगते. साहेब म्हातारा होतो, पांढरे केस, हातात काठी. अडगळीतली मशीन काढतो, धूळ झटकतो, खटका दाबतो. आणि ती बाई काय म्हणती? "...कसा असतो?"

बास. तिचं वाक्य पुरं झालं. तिला ठावंच न्हाई मधे किती वर्षं गेली. ती नुसती म्हणती, तुझा आवाज असा का येतोय? ह्यो खिडकीतून वर बघतो आणि तिला आभाळाचा रंग सांगत बसतो. संपला पिक्चर.

मी नंदीला म्हणाले, पुन्हा लाव. तीनदा लावला. तिसऱ्यांदा अण्णा म्हणाले, "त्या बाईचं बरं हाय. तिला मधली वर्षं मोजावी लागली न्हाईत." आणि उठून गेले. मी बघितलं तर आतल्या खोलीत, धान्याच्या कोठीपाशी.

कोठीत काय हाय ते तुला ठावं न्हाई. तुझा कंप्युटर हाय. तू सोडून गेलास तोच. अण्णांनी त्याला जुन्या धोतरात गुंडाळून ठिवलंय, वर कडुलिंबाचा पाला, जसा जोंधळ्यात घालतात. दर वर्षी खंडेनवमीला ते स्वतः बाहेर काढतात, विळे-खुरप्यांच्या रांगेत, आपल्या रुळावरच्या हातोड्याशेजारी ठेवतात, एक झेंडूचं फूल वाहतात. मला हात लावू देत न्हाईत. मी जवळ गेले की एकच बोलतात, "पाणी लावू नको."

का म्हणतात ते सांगायचं होतं. पण आज दळण आणायचंय आणि आभाळ भरून आलंय. शेजारच्या कडूबाईची म्हैस बी व्याली, तिचा खरवस आलाय, तुला आवडायचा.

तुझी माय

---

पिंगळी, १४ सप्टेंबर २०२५

योगीराजा,

मागच्या खेपेला दळण नव्हतं आणायचं. पीठ डबाभर होतं. भ्याले.

आज बसले की उठणार न्हाई. नंदी कोकिळाकडं गेलीय, अण्णा स्टेशनावर जाऊन बसलेत. त्यांना रिटायर होऊन सोळा वर्षं झाली तरी पॅसेंजर वेळेवर आली का ते बघितल्याबिगर चहा गोड लागत न्हाई.

तू तो कंप्युटर नांदेडहून एकेक सुटा भाग आणून जोडला होतास. दोन वर्षं त्यात गाव बसवत होतास, पिंगळीच. स्टेशन, फाटक, लिंबाचं झाड. आणि रुळावर हातोडा घेऊन चालणारे इवलेसे अण्णा. मला दाखवलंस तवा मी म्हणाले, "ह्यांना टोपी घाल, ऊन हाय." तू टोपी घातलीस. दसरा झाला की पुण्याला जाऊन मोठ्या लोकांना दाखवायचं होतं ते.

अण्णांना मात्र राग. पोरगं जेवत न्हाई, झोपत न्हाई. म्हणायचे, "एक दिवस हा डबा हिरीत टाकतो." समद्या गल्लीनं ऐकलं होतं ते.

आली खंडेनवमी. तू काहीतरी आणायला परभणीला गेलास. मी घरातली समदी हत्यारं काढली. विळे, खुरपी, कोयता, अण्णांचा हातोडा, माझी शिलाई मशीन. ज्याच्यावर आपली भाकर, त्याला त्या दिवशी आंघोळ, हळद-कुंकू, फूल. माझ्या सासूनं शिकवलेलं. मग मनात आलं, योगीराजचं हत्यार कोणतं? तेच की. त्यालाच सोडायचं? परवा पुण्याला निघायचंय त्याला.

त्याचं झाकण तू कधी लावायचासच न्हाई. आत बघितलं तर धूळ, कोळ्याची जाळी. मला पूर्णेचा पिक्चर आठवला. म्हणलं, ह्यात माणसं राहतात, माझा नवरा बी आत हाय, आणि एवढ्या धुळीत?

एक तांब्या घातला मी. हळूच, लेकराला न्हाऊ घालतात तसा. पदरानं पुसलं. अर्धा घंटा उन्हात ठिवलं. मग आतल्या हिरव्या पाटीवर हळद-कुंकवाची बोटं लावली, फूल ठिवलं, आणि जागच्या जागी नेऊन ठिवलं. हात जोडले. मागितलं काय ते ऐक. म्हणाले, पोराला यश दे.

तू दिवेलागणीला आलास. खटका दाबलास. फट आवाज झाला, जळका वास आला. तू वाकून बघितलंस, खाली ओल होती. तू वळलास तो थेट अण्णांकडं. "तुमी टाकलं पाणी?"

मी मागं उभी होते. तोंड उघडलं होतं मी, योगीराज. देवाशपथ उघडलं होतं. फूल आतून घरंगळून अण्णांच्या पायाशी पडलेलं. त्यांनी फुलाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. वाकून फूल उचललं, मुठीत घेतलं, आणि म्हणाले, "हो. मीच टाकलं."

माझं तोंड मिटलं. ते वीस वर्षं मिटलेलं हाय.

दुसऱ्या दिवशी दसरा. अण्णा आपट्याची पानं घेऊन तुझ्यापुढं उभे राहिले, तू बाजूनं निघून गेलास. पिशवी घेऊन स्टेशन गाठलंस. ते मागं पळाले. गाडी हालली तवा डब्याच्या संगं पळत ओरडायले, "योगीराज, ऐक, तुझे..." पुढचं गाडीनं खाल्लं. मी लय दा विचारलं, काय सांगायचं होतं? म्हणतात, इसरलो.

तुला हे खरं वाटत नसंल तर येऊन बघ. हिरव्या पाटीवर माझी हळद अजून हाय. अण्णा कधी कुणाला हळद लावतात का?

आता तू मला बी फोन करणार न्हाईस, ह्याचं भेव हाय. पण लिहिलं ते लिहिलं. डकवून टाकते, न्हाईतर पुन्हा दळण आठवंल.

तुझी माय

---

पिंगळी, २८ सप्टेंबर २०२५

योगीराजा,

दोन आयतवार झाले, कोकिळाकडं तुझा फोन न्हाई. पहिल्या आयतवारी वाटलं, पत्र पोचलं नसंल. आज वाटत न्हाई तसं.

मी अण्णांना सांगितलं. भाकर वाढता वाढता सांगितलं, "मी पोराला लिहून कळवलं, पाणी मी घातलं म्हून." त्यांचा घास हातातच. मला वाटलं ताट सरकवत्यात. पण एकदम बारीक आवाजात म्हणाले, "अगं, कशाला? मी हिशेबानं केलं होतं ते. माझ्यावर रुसला तर तुझ्याकडं तरी येईल. दोघांवर रुसला तर जाईल कुठं?"

वीस वर्षांत हे मला एकदा बी बोलले न्हाईत. मला वाटायचं, मला वाचवलं. मला न्हाई रे. तुला एक तरी दार उघडं राहावं म्हून. आणि मी तेच लावून बसले की काय, असं वाटायलंय.

मी म्हणाले, "आणि तुमचं काय?" तर म्हणाले, "माझं काय, मला स्टेशन हाय."

पाऊस उघडायचं नाव घेईना. झेंडू समदा काळा पडला. बुधवारच्या नवमीला फुलं कुठून आणायची, ही नंदीला काळजी. मला दुसरीच हाय.

रागव माझ्यावर. फोन करून रागव. पण गप बसू नको, ते मला येतं, मला ठावं हाय किती वाईट असतं.

तुझी माय

---

पिंगळी, ६ ऑक्टोबर २०२५

योगीराजा,

मागचं पत्र तू निघाल्यावर तितं पोचलं असंल. वाचू नको. न्हाई, वाच, अण्णांचं बोलणं हाय त्यात.

तू म्हणशील, चार दिवस राहून गेलो, आता काय लिहायलीस? अरे, तू तुझ्या बाजूनं बघितलंस, मी माझ्या बाजूनं. आणि मला लिहायची चटक लागलीय. टपालवाल्याला सांगून ठिवलंय, तुझी नोकरी पक्की.

नवमीच्या सकाळी मी अंगणात विळे धुवायले होते. नंदी ओरडली, "आजी, मामा!" मी वर बघितलं. पाठीवर पिशवी, आणि केस केवढे पांढरे रे तुझे! मला तर आधी त्या पिक्चरातला म्हाताराच आला वाटलं. तू पाया बी पडला न्हाईस. माझ्या हातातला तांब्या गळाला तेवढा उचलून बाजूला ठिवलास आणि म्हणलास, "कुठं हाय ते?"

अण्णा उठले. त्यांनी कोठी उघडली, पाला काढला, धोतर सोडलं. दोघांनी मिळून उचललं, तरी एकमेकांकडं बघितलं न्हाई. तू अण्णांनी लावलेला बाजूचा पत्रा काढलास, आत डोकं घातलंस. किती वेळ घातलंस! मी देवापुढं उभी राहत न्हाई तशी उभी होते. मग तू बोट आत घालून बाहेर काढलंस. पिवळं होतं.

तू त्या बोटाकडं बघत राहिलास आणि तुझे खांदे हालायले. मला वाटलं रडतोस. वर बघितलंस तर हसत होतास. डोळ्यांत पाणी आणि तोंडानं हसू. म्हणलास, "माय, आंघोळ घातलीस त्याला? कंप्युटरला?"

मी म्हणाले, "ऊन बी दाखवलं होतं."

तवा तू काय केलंस ते मला मरेपातूर पुरंल. पिशवीतून आपली घडीची पेटी काढलीस, ज्याच्यावर तुझी बंगलोरची भाकर हाय ती, आणि नेऊन रांगेत ठिवलीस. खुरप्याच्या पलीकडं, अण्णांच्या हातोड्याशेजारी. म्हणलास, "घे, लाव हळद."

बोट हळदीत बुडवायचं म्हून मी वाटीकडं हात नेला, आणि वाटीशेजारी तांब्या होता. मी वाटीकडंच जात होते, खरंच. पण तू आणि अण्णा दोघं एकदम, एका दमात ओरडलात,

"पाणी लावू नको!"

आणि मग एकमेकांकडं बघितलंत. नंदी तर खालीच बसली हसत. अण्णांनी नंदीनं कुठून तरी आणलेलं झेंडूचं फूल तुझ्या हातात दिलं. तू ते पेटीवर ठिवलंस. दसऱ्याला आपट्याची पानं दिली ती नंतरची. मी खरा दसरा नवमीलाच मोजते.

आणि जेवताना ते आठवलं अण्णांना! तू वरण ओरपत होतास आणि हे मधेच म्हणाले, "मोजे." तू म्हणलास, "काय?" तर म्हणाले, "तवा गाडीमागं पळालो ना. तुझे मोजे दोरीवर राहिले होते."

मोजे! वीस वर्षं मी झुरले, मोठं काहीतरी सांगायचं राहिलं म्हून. माफी मागत होते का, थांब म्हणत होते का. आणि हे मोजे! तू विचारलंस, "मग आता कुठं हायत?" आणि हे शांतपणे म्हणाले, "घालून फाटले की."

जुन्या कंप्युटरातली ती चपटी डबी, ज्यात तुझं गाव साठवलेलं हाय ती, तू काढून नेलीस. नंदी म्हणती, आतलं निघंल किंवा न्हाई निघंल, इतक्या वर्षांनी भरवसा न्हाई. न निघालं तरी वाईट वाटून घेऊ नको. तू धा वर्षांचा असताना मी सांगितलेला शेवट खोटा होता, पण निघालंच तर बघ, त्या गावात रुळावर अण्णा असतील. एक पाय उचललेला, डोक्यावर मी घालायला लावलेली टोपी. त्यांना काही ठावं नसंल. त्यांना घाबरवू नको, हळूच चालू कर.

आता काल. तू पॅसेंजरमधे खिडकीला बसलास. मी हात हालवत होते म्हून तुला माझाच हात दिसला असंल. अण्णा दुसऱ्या बाजूनं आले होते. गाडी हालली तसे ते दोन पावलं संगं चालले. आता पळवत न्हाई. म्हणाले, "योगीराज, ऐक, ती..." आणि गाडीनं भोंगा दिला.

पुन्हा तसंच. घरी येताना फाटकापाशी मी त्यांना धरलंच. "आता बरं सांगा. काय राहिलं?"

ते आपल्या चालीनं पुढं निघाले आणि म्हणाले, "राहू दे गं. पंधरा दिवसांवर दिवाळी हाय. आला म्हंजे सांगतो."

तुझी माय